येताना गाडी रिकामी

न्यायालयाच्या आवारातल्या वडाच्या पारावर मामा बसलेत. डोक्यावर इस्त्रीची टोपी, पायांत काल घासून धुतलेल्या वहाणा, मांडीवर दुकानाची प्लास्टिकची पिशवी. पिशवीत ओमनीचं आरसी बुक आहे, विम्याचा कागद आहे, शेजारच्या वहिनीचं डिस्चार्ज कार्ड आहे आणि जुलैतलं चलान आहे. मेढ्याहून पहिल्या एसटीनं आम्ही दोघं आलोय. ओमनी दारात ताडपत्रीखाली उभी आहे. चलान झाल्यापासून मामांनी तिची चावी खुंटीवरून काढलेली नाही.

माझ्या पर्समध्ये आणखी दोन कागद आहेत. दोन्हींवर मजकूर एकच, दोन्ही माझ्याच अक्षरात, आरटीओच्या नावे. एकावर आजची तारीख आहे. दुसऱ्यावर तारखेची जागा मी मोकळी सोडलीय. काल रात्री मामा झोपल्यावर तो लिहिला. त्यांना तो ठाऊक नाही.

कानाला पेन अडकवलेला एक माणूस पारापाशी येतो. न विचारताच हात पुढे करतो, मामाही चलान त्याच्या हातात देतात. तो पुटपुटत वाचतो. "एकोणचाळीस, एकशे ब्याण्णव. म्हणजे पासिंग संपलेली गाडी. पहिलीच वेळ ना? दोन ते पाच हजार. वर्षात चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत असते. तिथं न्या, कमी करून मिटवतात. काही बोलावं लागत नाही."

"मला बोलायचंच हाय," मामा म्हणतात.

तो माझ्याकडे बघतो. मी त्याला थोडक्यात सांगते. जुलैतली रात्र, भातलावणीचे दिवस. शेजारची वहिनी गोठ्यात वैरण टाकायला गेली आणि तिच्या घोट्याला घोणस चावली. पाऊस असा, की समोरचं दिसेना. वाडीत त्या रात्री चार चाकं म्हणजे मामांची ओमनी. वहिनीच्या सासूनं दारात येऊन हाक मारली आणि मामा भरल्या ताटावरून उठले. घाटातनं गाडी काढून पावणेदहाला त्यांनी वहिनीला दवाखान्यात पोचवलं. लस सुरू झाली. रात्र त्यांनी तिथल्याच बाकावर काढली. पहाटे डॉक्टर म्हणाले, आधार कार्ड लागेल, पैसे लागतील. ते आणायला मामा गावाकडे निघाले आणि शहराबाहेर पडायच्या आतच सात वाजून दहा मिनिटांनी नाकाबंदीत सापडले. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. मागच्या सीटखाली वहिनीची चिखलानं माखलेली एक चप्पल तेवढी होती. दंड भरायला खिशात पैसे नव्हते, म्हणून चलान कोर्टात आलं.

माणूस कानाचं पेन काढतो. "मग तुमची केस चांगली आहे की! एकशे ब्याण्णवच्या पोटकलम दोनमध्ये सूट आहे. आजारी, जखमी माणसाला तातडीनं न्यायचं असेल तर हे कलमच लागत नाही. फक्त सात दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कळवलं होतं?"

मामा मान हलवतात. सात दिवसांत काही कळवायचं असतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळतंय. मला ते आठवड्यापूर्वी कळलं, कायद्याचं पुस्तक चाळताना.

"मग जुलैतली तारीख टाकून अर्ज करा," तो आवाज खाली आणून म्हणतो. "साध्या टपालानं पाठवला होता, पोच नाही, असं सांगायचं. कोण बघतंय? आणि खोटं काय त्यात? बाईला साप चावलाय ते खरं. तुम्ही नेलीत ते खरं. एक तारीख तेवढी."

हेच सगळं काल रात्री मी स्वतःला सांगितलंय, याच शब्दांत. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कानशिलं गरम होतात. पर्सची चेन उघडी आहे. ती मी ओढून लावते.

मामा चलानाची घडी घालून परत पिशवीत ठेवतात. त्याला म्हणतात, "चहा घ्या." तो चहा घेत नाही. शेजारच्या बाकाकडे वळतो.

अकराला शिपाई दार उघडतो. खोली लहान. दोन पंखे फिरतायत, एकाचा आवाज मोठा. डायसमागे न्यायदंडाधिकारी बसल्यात, पस्तिशीच्या असतील. समोर फायलींचा ढीग, बाजूला बेंच क्लार्क, त्यांच्या पलीकडे टंकलेखनिक. पैरवीचे हवालदार खिडकीला टेकून उभे. आज बोर्डावर बहुतेक मोटार वाहनाचीच प्रकरणं आहेत. बाक पुरत नाहीत. मामा भिंतीला पाठ न टेकता उभे राहतात.

माझ्या शेजारी विशी-बाविशीचा एक मुलगा आहे, जेवण पोचवणाऱ्या कंपनीचा टीशर्ट घातलेला. मोबाइलवर सारखी वेळ बघतोय. हळूच विचारतो, "किती वाजेल हो?" मग आपणहून सांगतो. हप्त्यावर नवी गाडी घेतली. शोरूमवाला म्हणाला, घेऊन जा, नंबर येईल आठ दिवसांत. एकोणिसाव्या दिवशी पकडलं, तेव्हाही नंबर आलेला नव्हता. शोरूमला फोन केला तर म्हणाले, सिस्टिम बंद आहे.

ऐकून माझाच जीव वर येतो. मी त्याला म्हणते, अरे, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला बेचाळिसावा नियमच आहे; नोंदणी झाल्याशिवाय, निदान तात्पुरती तरी झाल्याशिवाय, विक्रेत्यानं गाडी ताब्यात द्यायचीच नसते. २०१९ च्या दुरुस्तीनं तर नोंदणीत कसूर करणाऱ्या विक्रेत्यालाही दंड ठेवलाय. तू हे आत सांग. पावतीवरची तारीख दाखव.

तो ऐकून घेतो. "सांगितलं तर आज मिटेल?"

मी गप्प होते. आज मिटणार नाही, हे मलाही दिसतंय. पुढची तारीख पडेल, पावती आणावी लागेल, आणखी एक दिवस गाडी बंद, कमाई बंद.

त्याचा पुकारा होतो. तो जवळजवळ धावतच पुढे जातो. गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवतात. "कबूल आहे?" "कबूल, मॅडम." दोन हजार. एवढं अर्ध्या मिनिटात संपतं. शोरूमचं नाव नाही, एकोणीस दिवस नाहीत, काहीच नाही. कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. पैसे भरायला तो निघतो तेव्हा माझ्याकडे बघून ओशाळं हसतो. या खोलीत ज्यानं खरोखर भांडायला हवं होतं, तो सगळ्यात आधी बाहेर पडलाय. मी मघाशी उठून दोन शब्द बोलायला हवे होते का? वकील नसलेल्या बाईला इथं मधेच बोलू देतात का? ते मी आजमावलं नाही, हे खरं.

पुढची दोन-तीन प्रकरणं भराभर होतात. एक बाप मुलीच्या इलेक्ट्रिक स्कूटरसाठी आलाय. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली, २५० वॅटच्या आतली गाडी असली तर पासिंग लागत नाही, हे बरोबर. पण दुकानदारानं वेगाची मर्यादा काढून दिली आणि स्कूटर चाळिशीनं पळू लागली. बापालाही वाईट वाटतंय. तो दंड भरतो.

मग ट्रॉलीचा पुकारा.

ट्रॅक्टरचं पासिंग आहे, मागच्या ट्रॉलीचं नाही. ट्रॉलीलाही वेगळी नोंदणी लागते, हे पुष्कळांना माहीत नसतं. या मालकाला माहीत आहे, कारण त्यानं वकील दिलाय. वकील तरुण आणि हुशार आहेत. शांतपणे उभे राहून सांगतात, नाकबूल. ट्रॉली आमची नाही. ट्रॉलीवर नंबर नाही, नाव नाही. मग ती आमचीच कशावरून?

मालक मागे उभा आहे, घड्याळाचा पट्टा घट्ट करत. ट्रॉली त्याचीच आहे. मघाशी पारावर तो दुसऱ्याला सांगत होता, दोन वर्षांपूर्वी कुठून घेतली, कितीला घेतली. ते मी या कानांनी ऐकलंय.

माझ्या पोटात काहीतरी आवळून येतं. सोळा वर्षांपूर्वी ऊसहंगामात माझ्या वडिलांच्या सायकलीला रात्री एका ट्रॉलीनं फरफटत नेलं. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नंबर नाही. ट्रॅक्टर थांबला नाही. ते वाचले, पण उजवा पाय गुडघ्यातून पुन्हा कधी वाकला नाही. पोलिसांच्या कागदावर त्या ट्रॉलीच्या जागी दोन शब्द आहेत: अज्ञात वाहन. आईनं तो कागद अजून ट्रंकेत ठेवलाय. गाडीवरचा नंबर मालकासाठी असतो, असं मला कधी वाटलेलंच नाही. रस्त्यानं जाणाऱ्या ज्या माणसाची नि मालकाची कधी ओळख होणार नाही, त्याच्यासाठी तो असतो. उद्या माझ्याकडून तुला काही झालं, तर मी सापडेन, एवढं मालकानं त्याला लिहून दिलेलं असतं. आणि इथं हा माणूस ती पाटी नाही, याच गोष्टीला ढाल करतोय.

तरीही वकिलांचं काही चुकलेलं नाही. ते त्यांचं काम करतायत. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मी त्यांना गाठते आणि विचारतेच. ते रागावत नाहीत.

"बाई, नाकबूल म्हणणं हे खोटं बोलणं नव्हे," ते म्हणतात. "आरोपीला शपथ नसते. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही, घटनेचं कलम २०(३) आहे. नाकबूलचा अर्थ एवढाच, की सरकारनं सिद्ध करावं."

"आणि 'ट्रॉली आमची नाही' म्हणणं?"

ते क्षणभर थांबतात. "अशिलानं जे सांगितलं ते मी मांडलं." फायली सावरत ते दुसऱ्या कोर्टाकडे जातात.

मामा माझ्यामागे उभे राहून ऐकत होते. त्यांनी नाकबूल म्हणावं, असं मला अजून वाटतंय. तसं मी सांगतेही. खोटा कागद नको, पण नाकबूल म्हणायला काय हरकत आहे? तो हक्कच आहे. सरकारला सिद्ध करू दे.

"त्यांना काय सिद्ध करायचंय, पोरी? आरसीवर तारीख छापलीय," मामा म्हणतात. "आन् मला तर ठाऊक हाय ना."

ओमनीचं पासिंग डिसेंबर २००९ चं. खासगी गाडीला पंधरा वर्षं, म्हणजे गेल्या डिसेंबरात संपलं. पुढच्या पाच वर्षांसाठी रिपासिंग करायचं तर २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीला पाच हजार रुपये फी, उशिराला महिन्याला पाचशे वेगळे, शिवाय पर्यावरण कर, आणि गाडी तपासणीला न्यायची तर टायर, दिवे, रंग. दुधाच्या बिलात ते बसेना. भात झालं की करू, असं ठरलं होतं. गरिबी हे कारण आहे, आणि ते खरं आहे. पण विम्याचा कागद पिशवीत असूनही पासिंगविना तो लंगडा, हे मामांना मी अजून सांगितलेलं नाही. नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या २०१४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की नोंदणीविना गाडी रस्त्यावर वापरणं हाच पॉलिसीचा मूलभूत भंग. त्या माणसाची तात्पुरती नोंदणी संपून जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि अपघातात मोडलेल्या त्याच्या गाडीची भरपाई बुडाली. घाटात त्या रात्री ओमनी घसरली असती तर?

पण घसरली नाही. आणि वहिनी आज खाचरात भात कापतेय.

अडीचला पुन्हा बसतात. तीन वाजून पाच मिनिटांनी मामांचं नाव येतं. हाक ऐकल्यावर ते टोपी काढतात, मग पुन्हा घालतात. मी त्यांच्यामागे जाऊन उभी राहते. "ही माझी भाची," ते सांगतात. मॅडम मान हलवतात.

तपशील वाचला जातो. अमुक तारखेस सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, सार्वजनिक रस्त्यावर, नोंदणीची मुदत संपलेले वाहन चालविले. वाहनात इतर कोणी नव्हते.

"गुन्हा कबूल आहे का?"

"गाडी चालवली हे कबूल," मामा म्हणतात. "पासिंग संपलेलं, तेबी कबूल. का चालवली, ते लिहून घ्या."

खोलीत थोडी चुळबुळ होते. मॅडम पेन खाली ठेवतात. "सांगा."

मामा सांगतात. मला वाटलं होतं ते अडखळतील. अडखळत नाहीत, गोठ्यापासून सुरू करतात, घोणस कशी होती तेही सांगतात, आणि सांगता सांगता डिस्चार्ज कार्ड पुढे करतात. मॅडम कार्डावरची वेळ बघतात, चलानावरची वेळ बघतात.

"रात्री पेशंट होती. हे चलान सकाळचं आहे."

"व्हय. जाताना ती होती. येताना गाडी रिकामी होती. तिचं आधार कार्ड आणाया चाललो होतो."

"आरटीओला सात दिवसांत कळवलं होतं का?"

पर्सच्या चेनवर माझा हात आहे. एक कागद, एक तारीख. मामा मागे वळूनही बघत नाहीत.

"न्हाई. मला म्हायतच नव्हतं."

"गाडी एरवी वापरत होता? डिसेंबरनंतर?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. 'नाही' म्हटलं तर या खोलीत ते खोटं ठरवणारं कुणी नाही. हवालदारांना माहीत नाही, कागदात नाही. मामा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळतात.

"चार-पाच वेळा. खत आणलं होतं, युरियाची दोन पोती, लावणीआधी. बाकी दूध."

हवालदार खिडकीपासून सरळ होतात. माझे डोळे आपोआप मिटतात. झालं, असं वाटतं. आता दोन हजार, कदाचित जास्तच. मॅडम बराच वेळ कागदाकडे बघत राहतात. पंखा तेवढा वाजतोय.

मग त्या टंकलेखनिकाकडे वळून सांगू लागतात. आरोपीने गुन्हा स्वेच्छेने कबूल केला. सर्पदंश झालेल्या महिलेस आदल्या रात्री याच वाहनातून रुग्णालयात नेल्याचे कागदपत्रांवरून दिसते. चलानाच्या वेळी वाहनात रुग्ण नव्हता आणि विहित मुदतीत कळविलेले नाही, त्यामुळे सूट लागू होत नाही. तथापि हा प्रवास त्याच प्रसंगाचा भाग होता. आरोपीने इतर वापरही स्वतःहून सांगितला. कलम १९२ च्या परंतुकानुसार, नोंदविलेल्या या कारणांस्तव, किमान दंडापेक्षा कमी दंड. एक हजार रुपये.

मामांकडे बघून त्या म्हणतात, "काका, पासिंग करून घ्या. त्याशिवाय गाडी बाहेर काढू नका."

"कुणाला साप चावला तर, मॅडम?"

"तर काढा," त्या म्हणतात. "आणि सात दिवसांत कळवा."

खाली खिडकीवर आम्ही हजार रुपये भरतो. पाचशेच्या दोन नोटा, मामा दोनदा मोजतात. पावती मिळते. मी म्हणते, चला, सव्वाचारची एसटी मिळेल. मामा हलत नाहीत.

"त्यांनी ते लिहून घेतलं ना? कारण?"

"घेतलं की. ऐकलंत तुम्ही."

"त्याचा कागद मिळतो का?"

मी त्यांना सांगते, मिळतो, पण नकलेसाठी अर्ज करावा लागतो, कोर्ट फीचा स्टॅम्प लागतो, आणि आज मिळेलच असं नाही. पुन्हा यावं लागेल. दोघांचं एसटीचं तिकीट धरलं तर पैसे वेगळेच.

"येऊ," मामा म्हणतात. "वहिनीच्या सासूला दाखवायचाय. ती चार महिनं म्हणतेय, आमच्यापायी तुमच्यावर गुन्हा झाला."

नक्कल विभाग पहिल्या मजल्यावर आहे. मामा जिना चढायला लागतात. अर्जासाठी कोरा कागद हवा, म्हणून मी पर्स उघडते. आत ते दोनच कागद आहेत, दोन्ही लिहिलेले. तारीख नसलेला मी काढते, चार तुकडे करते, जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकते. मग आवारातल्या स्टॅम्पवाल्याकडून दोन रुपयांना एक ताव विकत घेते आणि मामांच्या मागे वर जाते. खिडकीशी ते आधीच रांगेत उभे आहेत, पुढे तिघं आहेत.